मोठं कुलूप मागण्याआधी कोयंडा बघा

दिवाळी जवळ आली, मे महिन्याच्या सुट्ट्या लागल्या किंवा गल्लीत एखादी घरफोडी झाली की कोल्हापुरातल्या आमच्या हार्डवेअर दुकानाच्या काउंटरवर एकच मागणी सुरू होते. "मामा, ह्यापेक्षा मोठं कुलूप द्या. दणकट पाहिजे." आम्ही विचारतो, "कोयंडा कसला आहे?" त्यावर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, "आहे की, जुनाच आहे, चांगला आहे."

तेवढ्यावर कुलूप देऊन पाठवलं, तर दुसऱ्या दिवशी तेच गिऱ्हाईक परत येतं. कुलपाचा दांडा कोयंड्याच्या भोकात बसत नाही. मग बदली द्या, मग आमचा माणूस घरी पाठवा, आणि घरी गेल्यावर कळतं की चौकटच भुसभुशीत झाली आहे. तुमचे दोन दिवस जातात, आमचेही जातात, आणि तोवर घर उघड्यासारखंच असतं. हेच पुन्हा पुन्हा सांगावं लागतं म्हणून हा कागद छापला आहे. बिलाबरोबर घरी न्या आणि दारासमोर उभं राहून वाचा.

पेपरातली घरफोडीची बातमी आठवून बघा. 'बंद घराच्या दरवाजाचा कडी-कोयंडा उचकटून' असंच छापलेलं असतं. चोरटा कुलपाशी झटापट करत बसत नाही. हातभर कटावणी तो कोयंड्याच्या मागं घालतो आणि आपलं सगळं वजन दांड्यावर टाकतो. कुलूप पितळी आहे की पोलादी, सहा लीव्हरचं आहे की आठ, यानं कटावणीला काही फरक पडत नाही. लीव्हर म्हणजे कुलपाच्या आतल्या, किल्लीनं उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या. त्या जास्त असल्या की दुसऱ्या किल्लीनं किंवा तारेनं कुलूप उघडणं अवघड होतं, एवढाच त्यांचा उपयोग. कटावणीचा सगळा जोर येतो तो कोयंडा लाकडाला धरून ठेवणाऱ्या स्क्रूंवर.

हे आम्ही आमच्या घरी बघितलं आहे. भाच्याच्या लग्नाला एका रात्रीसाठी सगळे गडहिंग्लजला गेलो होतो. पहाटे सहाला शेजारच्या वहिनींचा फोन आला. सडा टाकायला बाहेर आल्या तर आमचं दार अर्धं उघडं. घरी पोहोचलो तेव्हा उंबऱ्यावर कुलूप पडलं होतं. बंदच होतं, एक ओरखडासुद्धा नव्हता. त्याच्या दांड्यात कोयंडा अडकलेला आणि कोयंड्याला चार स्क्रू लोंबत होते. अर्धा इंची स्क्रू. त्यांच्या आट्यांमध्ये तीस वर्षांच्या दाराचा भुसा अडकलेला होता. चौकटीवर चार स्वच्छ भोकं राहिली होती.

आत आईची बोरमाळ गेली, मुलांचा गल्ला गेला, लग्नासाठी काढून ठेवलेले पैसे गेले. ज्वारीच्या पिठाचा डबा जमिनीवर उपडा केलेला, कारण बायका डब्यात दागिने ठेवतात हे चोरट्यांना ठाऊक असतं. सोनं पुन्हा करता येईल, पण बायको पुढं कितीतरी रात्री मध्येच उठून कडी चाचपायची. कोणीतरी आपल्या कपाटातल्या साड्या हातानं उलथ्यापालथ्या केल्या, ही गोष्ट घरातून लवकर जात नाही. तुमच्यापैकी ज्यांच्याकडं असं झालं आहे, त्यांना जास्त सांगायला नको. ते चार स्क्रू आम्ही गल्ल्याशेजारी एका डबीत ठेवले आहेत. दुकानात आलात की मागा, हातात घेऊन बघा.

आता तुमच्या दाराकडं बघा. दार ओढून कुलूप लावा आणि बाहेरून पाहा. कोयंड्याच्या किंवा कडीच्या स्क्रूंची डोकी दिसतात का? दिसत असतील तर कटावणीचीसुद्धा गरज नाही, दहा रुपयांचा स्क्रूड्रायव्हर पुरे. मग कुलूप धरून पुढं-मागं हलवा. कोयंडा लाकडापासून नखभर जरी सुटत असेल, तर तिथं कटावणीचं टोक घुसतं. तिसरी गोष्ट, स्क्रूच्या शेजारी लाकडात अंगठ्याचं नख दाबून बघा. नख रुतलं तर चौकट आतून गेली आहे.

शहरातल्या ज्या भागांत 2019 आणि 2021 च्या पुराचं पाणी शिरलं, त्यांनी हे आजच करावं. सुतारवाडा, दुधाळी, व्हीनस कॉर्नरच्या आसपास आम्ही अशी कितीतरी दारं उघडून पाहिली आहेत. चौकट पाण्यात फुगली, नंतर वाळून आकसली, स्क्रू आतल्या आत गंजले आणि वरून ऑइल पेंट मारून झाला. बाहेरून दार नवं दिसतं, पण कोयंडा नुसत्या रंगावर उभा असतो.

दुरुस्ती सोपी आहे. स्क्रूच्या जागी गोल डोक्याचे आरपार बोल्ट घालायचे. डोकं बाहेर, नट आत. गोल डोक्याला बाहेरून पाना किंवा स्क्रूड्रायव्हर लागत नाही. आतल्या बाजूला नटांखाली लोखंडी पट्टी द्यायची, म्हणजे जोर चार बिंदूंवर न येता सगळ्या पट्टीवर वाटला जातो. चौकटीत आरपार भोक पाडता येत नसेल तर निदान अडीच-तीन इंची स्क्रू हवेत, म्हणजे ते वरच्या पापुद्र्यात न राहता लाकडाच्या गाभ्यात जातात. आणि कोयंडा असा निवडायचा की बंद केल्यावर त्याची पट्टी बोल्टच्या डोक्यांवर येऊन ती झाकली जातील.

पेठांमधल्या जुन्या वाड्यांत हीच युक्ती वेगळ्या तऱ्हेनं केलेली दिसते. दारामागं भिंतीतल्या भोकातून लाकडी अडसर ओढून समोरच्या भोकात घालायचा. बाहेरून कितीही धडका मारल्या तरी जोर थेट दगडी भिंतीवर जायचा, लाकडावर किंवा खिळ्यावर नाही. ज्यांच्या घरी अजून अडसर आहे त्यांनी तो काढून टाकू नये. रात्री घरात असताना त्यासारखं काही नाही. फक्त घर बंद करून बाहेर जाताना तो उपयोगाचा नाही, कारण तो आतूनच लागतो.

काहींना वाटतं, दुकानदार कुलपाच्या निमित्तानं बिल वाढवतोय. हिशेब सरळ आहे. कोयंडा, चार बोल्ट, मागची पट्टी आणि बसवण्याची मजुरी मिळून जो खर्च येतो, तो तुम्ही मागता त्या सगळ्यात मोठ्या कुलपापेक्षा बहुतेक वेळा कमीच असतो. आम्ही तुम्हाला महाग वस्तूकडून स्वस्त वस्तूकडं वळवतो आहोत. तुमचं आहे तेच कुलूप चांगलं असेल तर तेच ठेवा म्हणून सांगतो.

कुलूप घ्यायचंच असेल तर दांडा जाड आणि आखूड घ्या. लांब दांड्याचं कुलूप भारी दिसतं, पण दांडा जितका लांब तितकी कटावणी आत घालायला जागा जास्त. दांडा कोयंड्याच्या भोकात जेमतेम बसला पाहिजे. चार सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) दांड्याचं कुलूप तीन सुताच्या भोकात बसवायला काही जण कानस घेऊन भोक मोठं करतात. तसं करू नका. भोकाच्या कडेला जे थोडं लोखंड उरतं, ते एका हिसक्यात फाटतं.

बाहेर लटकणाऱ्या कुलपाची आणखी एक अडचण आहे. घरात कोणी नाही हे ते रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतं. मॉर्टिस लॉक (दाराच्या कडेत बसणारं कुलूप) किंवा नाईट लॅच (दार ओढलं की आपोआप लागणारं कुलूप) असेल तर दार बंद आहे एवढंच दिसतं, माणसं आत आहेत की बाहेर ते कळत नाही. म्हणून फ्लॅटसाठी आणि नव्या बंगल्यांसाठी आम्ही मॉर्टिस सुचवतो. पण फळ्यांच्या पातळ, जुन्या दाराला ते आम्ही बसवत नाही, गिऱ्हाइकानं आग्रह केला तरी नाही. त्यासाठी दाराच्या कडेत खोल खाच पाडावी लागते आणि पातळ दार नेमकं तिथंच मोडतं. नाईट लॅच घेतलं तरी चौकटीवरच्या ज्या पेटीत जिभली अडकते, त्या पेटीचे स्क्रू लांबच हवेत. तिथंही अर्धा इंची स्क्रू असतील तर एका लाथेत दार उघडतं.

पुढचं दार मजबूत केलं आणि परसदाराला पत्र्याची कडी असली तर उपयोग नाही. गच्चीचं दार आणि बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांची खिडकीही बघा. खिडकीच्या ग्रीलचे स्क्रू बाहेरून फिरतात का, तेही तपासा.

शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या घालून मग बंद घर फोडायचं, ही चोरट्यांची जुनी रीत आहे. आरडाओरडा झाला तरी शेजारी बाहेर येऊ शकत नाही. यावर उपाय जवळजवळ फुकट आहे. रात्री झोपताना बाहेरची कडी उघड्या स्थितीत ठेवून तिच्याच भोकात एक छोटं कुलूप घाला, म्हणजे ती सरकवून लावता येत नाही. शेजारपाजाऱ्यांनाही सांगा. त्यांचं दार उघडतं राहिलं तर तुमचंच घर वाचतं.

बंद घर ओळखायला चोरट्याला फार वेळ लागत नाही. आसपासच्या सगळ्या दारांत सकाळी सडा-रांगोळी आणि एकाच दारात दोन दिवसांचे पेपर. भर दुपारी जळणारा व्हरांड्यातला दिवा हीसुद्धा खूणच आहे. टायमरचा किंवा सेन्सरचा दिवा लावा, दुकानात दोन्ही आहेत. पेपर बंद करा, शेजारच्या वहिनींना दारात पाणी मारायला सांगा, पोलीस ठाण्यात कळवून जा. फिरायला गेल्याचे फोटो घरी परतल्यावर टाका. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी गाठली आणि घर सोडायची वेळ आली, तर कागदपत्रं आणि दागिने बरोबर न्या. पाण्यामुळं चोर येत नाहीत असं धरून चालू नका.

कॅमेऱ्याबद्दल थोडंसं. कॅमेरा दार धरून ठेवत नाही, तो पुढच्या तपासाला उपयोगी पडतो. त्यातही रेकॉर्डिंगची पेटी टीव्हीखाली उघड्यावर ठेवली तर चोरटे तीच उचलून नेतात. ती आडजागी ठेवा आणि घड्याळाची वेळ बरोबर आहे ना, हे महिन्यातून एकदा बघा.

एवढं करूनही कधी घर फोडलेलं दिसलं, तर आधी आत धावू नका. कोणी अजून आत असेल. 112 ला फोन करा. पंचनामा होईपर्यंत कपाटाला, दाराला, खाली पडलेल्या कुलपाला हात लावू नका, आवरू नका, झाडू नका. पाहुणे जमतात आणि पहिलं काम म्हणून घर लखलखीत करतात. नंतर ठसेतज्ज्ञ आले तरी घ्यायला ठसे उरलेले नसतात. श्वानपथकालाही चारजणांनी तुडवलेल्या अंगणात माग लागत नाही.

म्हणून आम्हाला आधी बोलावू नका. पोलिसांचं काम आटोपल्याशिवाय आम्ही दाराला पाना लावत नाही. यावरून काही गिऱ्हाइकं रागावतात. "माणूस दारात उभा आहे आणि कुलूप लावत नाही" असं ऐकावं लागतं. तो राग आम्हाला समजतो, आम्ही स्वतः त्या उंबऱ्यावर उभे राहिलो आहोत. पण तो तुटका कोयंडा हा तुमच्या बाजूचा पुरावा आहे. पंचनामा उशिरा झाला तरी हरकत नाही, रात्री कितीही वाजता फोन करा, आम्ही येऊन तात्पुरती पट्टी आणि साखळी लावून देतो. त्या रात्री कोणाचं दार उघडं राहू देत नाही.

1 जुलै 2024 पासून नवे कायदे लागू आहेत. राहत्या घरातल्या चोरीला पूर्वीच्या 380 कलमाच्या जागी आता भारतीय न्याय संहितेचं कलम 305 आहे. फिर्यादीची प्रत तुम्हाला मोफत मिळते, ती मागून घ्या. विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा. घरफोडीच्या विम्यात दार जबरदस्तीनं उघडल्याची खूण सहसा बघितली जाते. किल्ली कुंडीखाली ठेवून गेलात आणि चोरट्यानं तिनंच दार उघडलं, तर ती खूणच राहत नाही. तुटलेल्या मालाचं आणि नव्या कामाचं पक्कं बिल आम्ही देतो, जेवढं झालं तेवढंच लिहून. वाढीव रकमेचं बिल कृपया मागू नका.

दागिन्यांचे फोटो आणि गुजरीतल्या सराफाची बिलं आजच एका जागी ठेवा. हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी क्रमांक असतो. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कचे दागिने त्याशिवाय विकता येत नाहीत. तो क्रमांक लिहून ठेवा. 'एक ठुशी, एक साज' एवढ्या वर्णनापेक्षा फोटो, वजन आणि क्रमांक दिला तर माल सापडल्यावर तो तुमचाच आहे हे दाखवणं सोपं जातं.

किल्ल्यांबद्दल आमचे दोन नियम आहेत आणि ते ओळखीच्यांनाही लागू आहेत. फोटोवरून किंवा साबणातल्या ठशावरून आम्ही किल्ली करत नाही. बंद घर उघडून द्यायचं असेल तर ओळखपत्र आणि त्या पत्त्याचा पुरावा दाखवावा लागतो. वीजबिल चालतं, भाड्याचं घर असेल तर भाडेकरार. भाडेकरू बदलला की मॉर्टिसचं फक्त सिलिंडर (किल्ली घालायचा भाग) बदलून मिळतं, सगळं कुलूप घ्यायची गरज नाही.

दुकानात येताना, किंवा बिलावरच्या नंबरवर आधी पाठवताना, तीन फोटो हवेत. दार बंद करून बाहेरून कडी-कोयंड्याचा जवळून एक, आतल्या बाजूनं त्याच जागेचा एक, आणि दार उघडून त्याच्या कडेचा एक, कडेला पट्टी धरून, म्हणजे जाडी कळेल. कोयंड्याच्या भोकात पेन्सिल घालून काढलेला फोटो असेल तर दांड्याचं माप आम्हाला इथूनच कळतं. एवढं पाठवलंत तर आमचा माणूस योग्य माल घेऊन येतो आणि तासाभरात काम आटोपतं. फोटोवरून सल्ल्याचे पैसे नाहीत. घरी येऊन बघण्याचे 200 रुपये, आणि काम आमच्याकडं दिलंत तर ते बिलातून वजा.