तुम्हाला काय वाटतं आणि लोकांना काय वाटतं

‘समाजाने समलैंगिकता स्वीकारावी का?’ प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी पाहणी संस्थेने २०१४ मध्ये भारतात हा प्रश्न विचारला, तेव्हा १५ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. २०१९ मध्ये हा आकडा ३७ टक्क्यांवर गेला. ‘हे आपल्या संस्कृतीतच नाही’ म्हणणाऱ्यांना हे पटत नाही आणि वाहिन्या ‘भारत बदलला’ म्हणून मोकळ्या होतात. पण पाच वर्षांत संस्कृतीची मुळं उपटली जात नाहीत. मग नक्की बदललं काय?

तारखा पाहा. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं, दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सैल केलेलं दंड विधानातलं कलम ३७७ सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी पुन्हा जिवंत केलं. पहिली पाहणी त्याच्या पाठोपाठ झाली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले गेले आणि दुसरी पाहणी त्यानंतर झाली. म्हणजे मधल्या काळात कायदा उलटला होता.

कायदाही मूळचा इथला नव्हता. मेकॉलेच्या मसुद्यातून वाढलेलं दंड विधान १८६० मध्ये संमत झालं आणि १८६२ पासून लागू झालं. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ ही भाषा इंग्रजी कायद्याची आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत. मनुस्मृतीत पुरुषांमधल्या अशा संबंधाला अंगावरच्या कपड्यांनिशी स्नान एवढं प्रायश्चित्त आहे. कुमारिकेचं कौमार्य बिघडवणाऱ्या स्त्रीला मात्र क्रूर शिक्षा सांगितली आहे. तिथे चिंता आहे ती मुलीच्या लग्नाची. माझ्या मते आपल्याकडच्या विरोधाचं सर्वांत खोल मूळ हेच आहे. लग्न दोन माणसांचं नसून दोन घरांचं असतं. थोरल्याबद्दल कुजबुज झाली की धाकटीच्या स्थळावर परिणाम होतो. त्यामुळे ‘मला काय वाटतं’ यापेक्षा ‘भावकीला काय वाटेल’ हे जड ठरतं.

आता याच घरात पाहणी करणारा ओसरीवर बसून मोठ्याने प्रश्न विचारतो. आत सासूबाई भाजी निवडताहेत, दारात शेजारी उभा आहे. अशा वेळी सुनेकडून मिळणारं उत्तर मत असतं की सावधगिरी?

यावर सामाजिक शास्त्रज्ञांनी एक सुंदर युक्ती काढली आहे, तिला सूची-प्रयोग म्हणतात. समजा, चिठ्ठ्या टाकून २,००० माणसांचे दोन गट केले. पहिल्या गटाला चार वाक्यं द्यायची: मी रोज वर्तमानपत्र वाचतो, माझ्याकडे ट्रॅक्टर आहे, मी दर आठवड्याला बाजाराला जातो, मला क्रिकेट आवडतं. दुसऱ्या गटाला हीच चार आणि पाचवं: ‘शेजारी दोन पुरुष जोडपं म्हणून राहायला आले तर मला चालणार नाही.’ कोणती वाक्यं लागू पडतात ते सांगायचं नाही, किती लागू पडतात एवढंच सांगायचं. पहिल्या गटाची सरासरी २.१० आणि दुसऱ्याची २.५५ आली, तर फरक ०.४५; म्हणजे अंदाजे ४५ टक्के लोकांना ते चालणार नाही. एकाही माणसाचं गुपित फुटलेलं नाही, गटाचं मत मात्र हाती आलं.

यात फसायला जागा आहेत. एखाद्याला चारही साधी वाक्यं लागू पडली, तर ‘पाच’ म्हणताच तो उघडा पडतो. म्हणून ट्रॅक्टरसारखं थोड्यांनाच लागू पडणारं वाक्य मुद्दाम घालायचं. दुसरी अडचण अचूकतेची. उत्तरांचं प्रमाण विचलन (ती सरासरीपासून किती दूर पसरतात याचं माप) १ च्या आसपास असेल, तर दर गटात १,००० माणसं घेऊनही चूक अधिक-उणे ९ टक्क्यांपर्यंत जाते. थेट प्रश्नात २,००० माणसांवर ती सुमारे २ टक्के असते. ९ ची ४.५ करायची तर २,००० च्या जागी ८,००० माणसं लागतात. गुप्ततेची किंमत अशी मोजावी लागते.

अमेरिकेत २,५१६ जणांवर अशी ऑनलाइन पाहणी झाली. आपण समलिंगी असल्याचं न लपवणारा वरिष्ठ नको, असं सांगणाऱ्यांचं प्रमाण थेट प्रश्नापेक्षा सूचीत ६७ टक्क्यांनी जास्त निघालं. थेट १०० जण कबूल करत असतील, तर सूचीत १६७. लोक विरोध लपवत होते! आपल्याकडे याच्या उलटही होऊ शकतं, ओसरीवर पाठिंबाच लपत असेल.

कायद्याचा परिणामही असा दोन भागांत तपासता येतो. २०१५ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली. तेव्हा संशोधकांना दिसलं, की ‘बाकीच्या लोकांचा पाठिंबा आहे’ हा लोकांचा समज वाढला, पण त्यांची स्वतःची मतं जवळपास जागची हलली नाहीत. निकाल आधी ‘लोक काय म्हणतील’ला धक्का देतो.

याच धाकापोटी मुलाला ‘उपचारा’ला नेतात किंवा ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ म्हणतात. ही निखळ अंधश्रद्धा आहे आणि ती एका मुलीचंही आयुष्य नासवते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली आहे.

प्यूच्या २०२३ च्या पाहणीत ५३ टक्के भारतीयांनी समलिंगी विवाहाच्या कायदेशीर मान्यतेला पाठिंबा दिला. प्रश्न वेगळा असल्याने हा आकडा ३७ च्या पुढे जोडून आलेख काढता येत नाही. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने अशी मान्यता द्यायला नकार दिला. पुढच्या पाहणीत दोन प्रश्न वेगळे विचारायला हवेत: ‘तुम्हाला चालेल का?’ आणि ‘तुमच्या गावातल्या १०० जणांपैकी किती जणांना चालेल?’ पहिला सूचीतून विचारावा. दुसरा ओसरीवर मोठ्याने विचारला तरी हरकत नाही.