आयजीए रक्तवाहिनीदाह : पुरळापासून जनुकांपर्यंत

पायावर रक्ताळ ठिपके, अंगावर ठिकठिकाणी सूज, पोटात कळा आणि लघवीतून रक्त, अशी बारीक रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या या आजाराची लक्षणे पाच वर्षांच्या एका मुलात इंग्लंडचे वैद्य विल्यम हेबर्डन यांनी टिपली होती. ती नोंद त्यांच्या निधनानंतर १८०२ मध्ये छापली गेली. आजाराला नाव मात्र मिळाले ते जर्मनीतील दोन डॉक्टरांचे. शोनलाइन यांनी १८३७ मध्ये पुरळ व सांधेदुखी यांची सांगड घातली. पुढे त्यांचेच शिष्य हेनॉख यांनी पोटाचा त्रास आणि अखेर मूत्रपिंडाचा सहभाग त्यात जोडला.

कारणाचा धागा हाती लागला तो १९६८ नंतर. पॅरिसमध्ये ज्याँ बर्जर यांना मूत्रपिंडाच्या गाळणीत आयजीए या प्रतिपिंडाचे थर आढळले आणि असेच थर हा आजार झालेल्या मुलांच्याही मूत्रपिंडात दिसू लागले. २०१२ मध्ये आजाराचे नाव बदलून आयजीए रक्तवाहिनीदाह असे ठेवण्यात आले, ते याच आधारावर.

आनुवंशिकतेच्या दृष्टीने सर्वांत बोलकी नोंद १९८५ ची आहे. एकसारख्या जुळ्या भावंडांना एकाच सुमारास ॲडेनोव्हायरसचा संसर्ग झाला; त्यानंतर एकाला पुरळासह हा आजार झाला, तर दुसऱ्याला पुरळाविना केवळ आयजीएजन्य मूत्रपिंडविकार. जनुके तीच, विषाणू तोच, तरीही चित्र निराळे. दोन्ही विकारांचे मूळ एकच असावे, या मताला त्यातून मोठे बळ मिळाले.

ते मूळ आयजीए-१ या आयजीएच्या एका प्रकाराच्या रेणूवरील शर्करेच्या साखळीत असल्याचे पुढे दिसून आले. या साखळीत गॅलॅक्टोज ही शर्करा कमी पडली, की शरीर त्या रेणूला परके समजून त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि दोहोंचे पुंजके गाळणीत अडकतात. मूत्रपिंडाला इजा झालेल्या मुलांच्या निरोगी नातेवाइकांच्या रक्तातही असा सदोष आयजीए वाढलेला असतो, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून समोर आले. म्हणजे हा दोष वारशाने येतो, पण आजार होण्यास तो एकटा पुरत नाही.

प्रतिकारशक्तीशी निगडित एचएलए जनुकांपैकी डीआरबी-१ च्या काही रूपांचा संबंध त्यातल्या त्यात भक्कम मानावा लागेल, कारण २०१७ मधील संपूर्ण जनुकसंचाच्या तपासणीनेही याच भागाकडे बोट दाखवले. कौटुंबिक भूमध्यसागरी ज्वर या वारंवार ताप आणणाऱ्या आनुवंशिक आजाराशी निगडित एमईएफव्ही जनुकात बदल असलेल्या मुलांमध्येही हा दाह अधिक आढळतो. रक्तदाबाशी संबंधित एसीई जनुकाबद्दलचे निष्कर्ष मात्र परस्परांशी जुळत नाहीत, आणि छोट्या रुग्णगटांवर बेतलेल्या अशा अभ्यासांवर फार भिस्त ठेवणे धोक्याचेच.

कोणत्या मुलाचे मूत्रपिंड दुखावेल, हे सांगणारी जनुकीय चाचणी अद्याप प्रत्यक्ष उपचारांत आलेली नाही. त्यामुळे पुरळ मावळल्यावरही साधारण सहा महिने लघवी आणि रक्तदाब तपासत राहण्याचा जुनाच शिरस्ता पाळला जातो.