ऐतिहासिक दर्जा, स्थानिक (अमेरिकेतील लहान शहरांमधील)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एखादे घर, चर्च, दुकानांची ओळ किंवा संपूर्ण वस्ती जतन करण्याजोगी असल्याचे शहराची नगर परिषद स्वतःच्या उपविधीनुसार जाहीर करते, त्यास स्थानिक ऐतिहासिक दर्जा म्हणतात. दारापाशी लागणाऱ्या धातूच्या पाटीमुळे तो केवळ मानाचा वाटला, तरी तो मुळात बांधकामावरील नियंत्रणाचा प्रकार असून जमीनवापराच्या नियमांच्या पंक्तीतच बसतो.

ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीशी त्याची नेहमी गल्लत होते. १९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायद्याने सुरू झालेल्या या नोंदवहीत नाव असले, तरी खाजगी मालक स्वतःच्या पैशाने घरात हवे ते बदल करू शकतो, एवढेच काय, ते पाडूही शकतो. त्या नोंदीचा अंकुश आहे तो संघराज्य सरकारचा पैसा किंवा परवाना गुंतलेल्या कामांवर. उलट, नाव फारसे कोणी न ऐकलेल्या शहराच्या उपविधीने मात्र मालकाला बांधून घेता येते.

अशा उपविधींचा पायंडा दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन शहराने १९३१ मध्ये पाडला. पुढे न्यू ऑर्लिन्सने आपल्या फ्रेंच वस्तीसाठी तोच मार्ग धरला. न्यूयॉर्कचे भव्य पेनसिल्व्हेनिया स्थानक १९६३ पासून पाडले जाऊ लागल्यावर जनमत हलले आणि १९६५ मध्ये त्या शहराचा वारसा कायदा आला. ग्रँड सेंट्रल स्थानकावर मनोरा उभारण्यास परवानगी नाकारली म्हणून झालेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये, असे निर्बंध म्हणजे भरपाई न देता मालमत्ता काढून घेणे नव्हे, असा निर्वाळा दिला. दावा महानगराचा होता. त्याचा आधार मात्र लहान शहरांनाही मिळाला. १९६६ च्या राष्ट्रीय कायद्यात १९८० मध्ये झालेल्या दुरुस्तीने ‘प्रमाणित स्थानिक शासन’ ही व्यवस्था आली आणि राज्याला मिळणाऱ्या संघीय जतननिधीपैकी किमान १० टक्के रक्कम अशा प्रमाणित शहरांकडे वळवणे बंधनकारक झाले.

दर्जा देण्याआधी पाहणी होते. घरोघरची छायाचित्रे, खरेदीखतांची साखळी, जुन्या नगरसूची आणि आगविमा कंपन्यांसाठी काढलेले सॅनबोर्न नकाशे ही तिची मुख्य साधने होत. या नकाशांत विटांची इमारत गुलाबी आणि लाकडी इमारत पिवळी रंगवलेली असते. त्यामुळे मागची पडवी मूळची की नंतर जोडलेली, हे दोन वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे शेजारी ठेवताच कळते. वय साधारण ५० वर्षांच्या पुढे असावे, असा संकेत आहे. वस्तीला दर्जा देताना प्रत्येक इमारत तिच्या ऐतिहासिक स्वरूपात भर घालणारी आहे की नाही, हे ठरवले जाते. मालकाची संमती लागते का, याचे उत्तर राज्यागणिक व शहरागणिक बदलते, आणि सुनावणीत आवाज चढतात ते बहुधा याच मुद्द्यावर.

त्यानंतर बाह्य स्वरूपात बदल करायचा झाल्यास शहराच्या जतन आयोगाकडून अनुरूपतेचे प्रमाणपत्र, म्हणजे बदल जुन्या रूपाशी जुळतो असा दाखला, घ्यावा लागतो. आयोगाचे सदस्य बहुतेक ठिकाणी बिनपगारी नागरिक असतात. त्यांत वास्तुशास्त्र वा इतिहास जाणणारे असावेत अशी अपेक्षा असली, तरी प्रमाणनाच्या नियमांतच ‘गावात उपलब्ध असतील तितपत’ अशी सवलत आहे. लहान शहरात अर्जदार आणि आयोगाचा सदस्य एकाच गल्लीत राहत असतात. नियम लावण्यातली खरी अडचण इथे आहे.

वाद सर्वांत जास्त होतात ते खिडक्यांवरून. जुन्या लाकडी सरकत्या खिडकीत चौकटीच्या पोकळीत दोरीला टांगलेली वजने असतात. दोरी तुटली तर दोरी बदलावी, खालचे लाकूड कुजले तर तेवढाच तुकडा बसवावा, लुकण गळाले तर नवे भरावे. प्लॅस्टिकची तयार खिडकी स्वस्त व हवाबंद, पण तिची चौकट जाड असते आणि काचेचे चौकोन पाडणाऱ्या पट्ट्या पुष्कळदा दोन काचांच्या मध्ये दाबलेल्या असल्याने त्यांची सावलीच पडत नाही. जीर्ण भाग बदलण्यापेक्षा दुरुस्त करावा, हे संघराज्य सरकारच्या अंतर्गत व्यवहार खात्याच्या (डिपार्टमेंट ऑफ द इंटिरियर) मानकांतील तत्त्व बहुतेक आयोग मानतात. घरमालकाला मात्र पुढे थंडीचे महिने दिसत असतात. रंगाला परवानगी पुष्कळ शहरांत लागत नाही आणि घराचा आतला भाग सहसा नियंत्रणाबाहेर असतो.

पाडकामाबाबत उपविधींची ताकद सारखी नाही. काही शहरांत आयोग साफ नकार देऊ शकतो, तर काही ठिकाणी त्याला ठरावीक काळ पाडकाम रोखण्यापलीकडे अधिकार नसतो. कनेक्टिकटमधील नॉर्विच शहरात जुन्या सार्वजनिक हिरवळीसमोरची एक इमारत पाडू देण्यास आयोगाने नकार दिला. इमारतीला स्वतःचे विशेष महत्त्व नव्हते, पण तिच्या आडोशामुळे पलीकडची व्यापारी वस्ती हिरवळीवरून दिसत नव्हती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये हा नकार वैध ठरवला. नकारानंतरही हयगयीने पाडण्याची वाट उरतेच: तुंबलेली पन्हळ साफ करायची नाही, पाणी भिंतीत मुरू द्यायचे आणि काही हिवाळ्यांनी इमारत धोकादायक झाल्याचा दाखला मागायचा. म्हणून अनेक उपविधींत किमान देखभालीचे कलम असते. ते अमलात आणायला मात्र निरीक्षक लागतो, आणि लहान शहरात हे काम बहुधा इतर चार कामे सांभाळणाऱ्या एखाद्या नगररचना कर्मचाऱ्याच्या गळ्यात पडते.