लांब बोटं, सरकलेलं भिंग, फुगलेली महाधमनी

नौपाड्यातल्या आमच्या आजोळी उंचीचं भारी कौतुक. धाकटा मामा ताडमाड वाढलेला, बोटं लांबसडक, चष्मा जाड भिंगांचा. शाळेपासून व्हॉलीबॉलच्या संघात त्याची जागा ठरलेली. एकेचाळिसाव्या वर्षी छातीतून पाठीत कळ गेली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत मामा गेला. सगळे म्हणाले, हार्ट अटॅक. गेल्या वर्षी मामेभावाचे डोळे तपासताना डॉक्टरीणबाईंना त्याच्या डोळ्यातलं भिंग जागेवरून वर सरकलेलं दिसलं. त्यांनी त्याची बोटं पाहिली आणि विचारलं, "घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का?" टूडी इकोत महाधमनीचं, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचं, मूळ ४३ मिलिमीटरपर्यंत फुगलेलं निघालं. मार्फान सिंड्रोम.

डोळे, हाडं आणि हृदय यांचं दुखणं एकच असू शकतं, हे उमगायला वैद्यकशास्त्रालाही अर्धं शतक लागलं. पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फान यांनी १८९६ मध्ये गाब्रिएल नावाच्या पाच वर्षांच्या मुलीचं वर्णन केलं, ते तिच्या लांब, बारीक हातापायांचं आणि बोटांचं. (तिला हा आजार नसून याच्या जवळचा दुसरा असावा, असं आज बरेच अभ्यासक मानतात.) भिंगाशी नातं १९१४ मध्ये जुळलं. हा आजार पिढीतून पिढीत कसा उतरतो, हे उट्रेख्तच्या वेव्ह यांनी १९३१ मध्ये दाखवलं. महाधमनी, म्हणजे जी जीव घेते तीच, चित्रात आली १९४३ मध्ये. पुढच्या दशकात बाल्टिमोरच्या व्हिक्टर मॅककुसिक यांनी कुटुंबंच्या कुटुंबं तपासून या साऱ्याचं मूळ संयोजी ऊतीत, शरीराला बांधून ठेवणाऱ्या धाग्यांत, असल्याचं मांडलं.

जानेवारी १९८६ मध्ये जपानमध्ये सामना चालू असताना अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन बाकावर बसल्या जागी कोसळली. वय ३१. ऑलिंपिक रौप्यपदक मिळवलेल्या या मुलीची महाधमनी फाटली होती. मग तिच्या भावाची तपासणी झाली; त्याचा आजार वेळेत सापडला आणि शस्त्रक्रियाही झाली. हे वाचताना मला मामाच दिसतो.

त्याच वर्षी लिन सकाई आणि सहकाऱ्यांनी फायब्रिलिन हे प्रथिन शोधलं. भिंगाला तोलून धरणारे तंतू त्याचेच आणि महाधमनीच्या लवचीक भिंतीतही तेच. १९९१ मध्ये हॅरी डिट्झ आणि सहकाऱ्यांना रुग्णांच्या पंधराव्या गुणसूत्रावरच्या फायब्रिलिनच्या जनुकातच बिघाड सापडला. विस्कटलेलं कोडं तिथे सुटलं. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तरी आजार होतो, म्हणून प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी. सुमारे चौथा हिस्सा रुग्णांत मात्र उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातला बिघाड, नव्यानेच घडलेलं असतं. तिथे घराण्याचा इतिहास विचारून काही हाती लागत नाही.

१९७२ च्या एका अभ्यासात या रुग्णांचं मृत्यूचं सरासरी वय ३२ आढळलं होतं. १९६८ मध्ये बेंटॉल आणि डी बोनो यांनी महाधमनीचं मूळ झडपेसकट बदलण्याची शस्त्रक्रिया मांडली. पुढे महाधमनीवरचा ताण कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या आणि नियमित इको यांची जोड मिळाली आणि आयुष्यमान कितीतरी वाढलं.

मामेभावाच्या गोळ्या सुरू आहेत. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीचा इको सध्या ठीक आहे, जनुकीय चाचणीसाठी रक्त दिलंय. बोटं मामाचीच आहेत. अहवाल येईपर्यंत तिचा व्हॉलीबॉलचा सराव थांबवलाय.