सिंक अडकले? आधी थांबवा, काहीही पुसू नका
(ऑफिसात नॅस, म्हणजे सगळ्यांच्या फाइली ठेवणारे नेटवर्कवरचे साठवण-यंत्र, आणि सिंकथिंग, म्हणजे अनेक संगणकांवरच्या फाइली सारख्या ठेवणारा (सिंक करणारा) प्रोग्राम, वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

“कालपर्यंत फाइल दिसत होती, आज नाही,” असा फोन आला की आम्ही आधी विचारतो, त्यानंतर तुम्ही काय काय केलेत? मूळ बिघाड बहुतेक वेळा किरकोळ असतो. खरे नुकसान होते ते घाईने फोल्डर काढून पुन्हा जोडताना. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका संगणकावर पुसलेली फाइल बाकीच्या संगणकांवरूनही जाते. म्हणून शंका आली की सिंकथिंगमध्ये तो फोल्डर ‘पॉज’ करा (तात्पुरता थांबवा) आणि मगच पुढचे वाचा.

‘फोल्डर मार्कर मिसिंग’ असे दिसले तर

हा इशारा तुमच्या भल्याचा आहे. सिंकथिंग प्रत्येक फोल्डरात एक लपलेली खूण ठेवतो. वीज जाऊन आली आणि नॅसचा ड्राइव्ह जोडलाच गेला नाही, तर ती जागा रिकामी दिसते. खूण नसती तर “सगळ्या फाइली पुसल्या” असे समजून त्याने इतरांकडच्याही पुसल्या असत्या. ती खूण हाताने तयार करू नका. नॅस सुरू आहे का, आतल्या फाइली उघडतात का, एवढे पाहा.

नॅस सापडतच नसेल, तर राउटर बंद-चालू झाल्यावर त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) बदललेला असू शकतो. राउटरमध्ये तो कायमचा राखून ठेवता येतो. जुना नॅस विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर उघडेनासा झाला असेल, तर २०२४ च्या या अपडेटने सुरक्षेचे नियम कडक केले आहेत. पासवर्डशिवाय ‘गेस्ट’ म्हणून जोडणी आता सहसा होत नाही. नॅसवर प्रत्येकाचे खाते उघडा. विंडोजची सुरक्षा सैल करू नका.

मराठी नावांच्या फाइली

इथे आमच्या ग्राहकांना सर्वाधिक त्रास होतो आणि छापील पुस्तिकेत याबद्दल ओळही नसते. नॅसवर फाइलच्या नावाला साधारण २५५ बाइटची (बाइट म्हणजे संगणकातली जागा मोजण्याचे एकक) मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला न दिसणारा हलन्त, सगळे वेगळे मोजले जाते. ‘क्षेत्र’ डोळ्यांना दोन अक्षरे दिसतात, पण भरतात २१ बाइट.

‘मौजे पिंपळगाव येथील गट क्रमांक १२७ चा सातबारा उतारा आणि फेरफार नोंदीची साक्षांकित प्रत’ हे नाव ‘.पीडीएफ’ ही इंग्रजी शेपटी धरून २३६ बाइटचे होते. कसेबसे बसते. कुणी पुढे ‘दुरुस्त अंतिम’ जोडले की २७४, आणि फाइल अडते. विंडोज मात्र बाइट न मोजता चिन्हे मोजतो, त्यामुळे तुमच्या संगणकावर ती व्यवस्थित असते. नाव मराठीतच ठेवा, फक्त आटोपशीर: ‘पिंपळगाव १२७ सातबारा’. बाकीचा तपशील फोल्डरच्या नावात घाला.

‘दुसऱ्या’, ‘उताऱ्याची’ यांतला ऱ्य वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगवेगळ्या पद्धतीने साठवला जातो. दिसायला एकच नाव, संगणकाला दोन. एकाच फोल्डरात जुळ्या फाइली दिसल्या तर एक पुसण्याआधी दोन्ही उघडून पाहा.

दोघांनी एकच फाइल बदलली तर

सिंकथिंग दोन्ही ठेवतो. ज्या प्रतीची वेळ जुनी, तिच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ आणि तारीख येते. मजकूर तो जोडून देत नाही. ते काम माणसाने करायचे. संगणकाचे घड्याळ चुकीचे असेल तर नवी प्रतच जुनी ठरते, म्हणून घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळू द्या. हिशेबाच्या प्रोग्रामचा चालू डेटा सिंकमध्ये कधीच ठेवू नका. अर्धवट लिहिलेली फाइल दुसरीकडे गेली की वर्षाचा हिशेब बिघडतो. प्रोग्राम बंद करून काढलेला बॅकअप तेवढा सिंक करा.

नॅस ड्राइव्ह म्हणून जोडून संगणकावरून सिंक करत असाल तर दुसऱ्याने केलेला बदल लगेच कळेलच असे नाही, तासाभराने होणाऱ्या तपासणीची वाट पाहावी लागू शकते. सिंकथिंग नॅसवरच चालवणे उत्तम. आम्ही ते बसवून देतो. वेग सेकंदाला ११-१२ एमबीच्या पुढे जात नसेल तर केबल बदलून पाहा. गिगाबिटला, म्हणजे याहून सुमारे दहापट वेगाच्या जोडणीला, केबलमधल्या आठही तारा शाबूत लागतात.

फोन करताना फाइलचे पूर्ण नाव, लाल अक्षरांतला संदेश आणि गडबड कधी दिसली ती वेळ हाताशी ठेवा. फोटो पाठवलात तरी चालेल.