बाप्तिस्मा : पाणी किती, शब्द कोणते आणि हात कोणाचा

बाहेरून पाहणाऱ्याला बाप्तिस्म्यावरचे वाद पाण्याचे वाटतात. बुडवायचे की शिंपडायचे, नदी हवी की हौद चालेल, तान्ह्या बाळाला द्यायचा की मोठे होईपर्यंत थांबायचे. पण इतिहास चाळत गेलो की या सगळ्यांच्या मुळाशी एकच पेच दिसतो : पाण्यात जे घडते ते करतो कोण? उतरणारा माणूस, उतरवणारा हात, की देव? वय, शब्द, पाण्याचे प्रमाण यांचे नियम या प्रश्नाला दिलेल्या उत्तरांतूनच निघाले आहेत.

आधी शब्द. ग्रीक 'बाप्तिझो' म्हणजे बुडवणे. त्याचे मूळ 'बाप्तो' हे कापड रंगात बुचकळण्यासाठी वापरत, आणि जहाज बुडाले तरी 'बाप्तिझो'च म्हणत. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात कुष्ठरोगी नामान यार्देन नदीत सात बुड्या मारतो, तिथे हेच क्रियापद आहे. मात्र नव्या करारातल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) सातव्या अध्यायात पेले आणि तांब्याची भांडी धुण्यालाही त्याच कुळातला शब्द आला आहे. त्यामुळे निव्वळ व्याकरणावर 'बुडवणे हेच खरे' असे सिद्ध करू पाहणाऱ्यांची वाट वाटते तितकी सरळ नाही. मराठी बायबलने हा शब्द भाषांतरित न करता 'बाप्तिस्मा' असाच ठेवला, आणि कॅथलिक मराठीत 'स्नानसंस्कार' रूढ झाला. पहिला शब्द वादात पडत नाही, दुसरा अर्थ सांगून टाकतो.

पाण्याने शुद्ध होणे ही कल्पना ख्रिस्ती धर्माची नाही. यहूदी परंपरेत 'मिक्वे' म्हणजे शुद्धीचा हौद असे. यरुशलेमच्या मंदिराभोवती आणि मृत समुद्राकाठच्या कुमरान इथे पायऱ्या उतरत जाणारे असे हौद उत्खननात सापडले आहेत. मिश्ना या यहूदी नियमसंग्रहात नोंदलेला नियम असा की हौदात किमान ४० सेआ पाणी हवे, आणि तेही पावसाचे किंवा झऱ्याचे, भांड्याने ओतून भरलेले नव्हे. आजच्या मापात याचे सुमारे ३३० लिटरपासून ५७० लिटरपर्यंत आणि त्याहूनही जास्त असे वेगवेगळे हिशेब होतात. मूळ कल्पना साधी आहे : अख्खे अंग एका वेळी पाण्याखाली गेले पाहिजे. अंग आणि पाणी यांच्या मध्ये अंगठी, पट्टी, चिकटलेला मळ काहीही राहता कामा नये, नाहीतर बुडी पुन्हा. ही बुडी माणूस स्वतःच मारतो, आणि पुन्हा अशुद्ध झाला की पुन्हा मारतो.

येशूच्या आधी उपदेश करणाऱ्या योहानाने नेमके इथेच वेगळे केले. लूकच्या शुभवर्तमानातल्या नोंदीप्रमाणे रोमन सम्राट तिबिर्य कैसराच्या कारकिर्दीच्या पंधराव्या वर्षी, म्हणजे इसवी सन २८-२९ च्या सुमारास, तो यार्देनेकाठी लोकांना बोलावू लागला. इथे माणूस स्वतः बुडी मारत नव्हता, योहान त्याला पाण्यात घालत होता. 'बाप्तिस्मा करणारा' हे बिरुद त्यामुळेच चिकटले. शुद्धीच्या रोजच्या स्नानात असा दुसऱ्याचा हात नव्हता.

आणि वाद तेव्हापासूनच सुरू झाला. मार्क म्हणतो की हा पापक्षमेसाठी पश्चात्तापाचा बाप्तिस्मा होता. यहूदी इतिहासकार योसेफस आपल्या ग्रंथाच्या अठराव्या खंडात लिहितो की योहानाच्या मते हे स्नान शरीराच्या शुद्धीसाठी होते, अंतःकरण सदाचरणाने आधीच शुद्ध झालेले असायला हवे होते. पाण्याने काही घडते, की घडलेल्या गोष्टीवर पाणी नुसती मोहोर उमटवते? पहिल्या शतकातच दोन लेखकांनी एकाच माणसाबद्दल दोन उत्तरे दिली आहेत.

येशूने योहानाकडून बाप्तिस्मा घेतला ही गोष्ट पहिल्या विश्वासीयांना जरा अडचणीचीच होती. पाप नाही तर पश्चात्ताप कशाचा? मत्तयात योहान स्वतःच नको म्हणतो, आणि येशू त्याला समजावतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या (हा लेखक योहान वेगळा) चौथ्या अध्यायात एक छोटा कंस आहे, जो वाचताना सहज सुटतो : येशू स्वतः बाप्तिस्मा देत नसे, त्याचे शिष्य देत.

नव्या करारात क्रमही एकसारखा नाही. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात दुसऱ्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, पश्चात्ताप करा, बाप्तिस्मा घ्या, मग पवित्र आत्मा मिळेल. त्या दिवशी सुमारे ३,००० लोकांनी बाप्तिस्मा घेतला. आठव्या अध्यायात शोमरोनी लोकांना पाणी आधी मिळते, आत्मा नंतर. दहाव्यात कर्नेल्य या यहूदी नसलेल्या माणसाच्या घरी उलटे होते : आत्मा आधी उतरतो, आणि मग पेत्र विचारतो की आता पाण्याला मनाई कोण करणार. एकोणिसाव्यात इफिसमधल्या सुमारे १२ जणांचा योहानाचा बाप्तिस्मा झालेला असूनही त्यांना येशूच्या नावाने पुन्हा दिला जातो. पुढच्या प्रत्येक पंथाला आपल्या सोयीचे वचन सापडले, त्यात नवल नाही. आठव्याच अध्यायात कूशी (इथिओपियाकडचा) षंढ अधिकारी वाटेत पाणी पाहून 'मला काय अडचण आहे?' असे विचारतो, त्यावरचे 'मनापासून विश्वास असेल तर योग्य आहे' हे उत्तर (८:३७) सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. कुणाला तरी तो प्रश्न अनुत्तरित ठेवणे सोसले नसावे.

अर्थ मात्र लवकरच गर्द झाला. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल सांगतो की बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात पाणी हे जन्माचे आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात ते नोहाच्या तारवाखालचे पाणी आहे. चौथ्या शतकात यरुशलेमला बाप्तिस्मा झाल्यावर दिलेल्या प्रवचनांत नव्या विश्वासीयांना सांगितले जाई की ते पाणी तुमची कबरही झाले आणि आईही. या दोन प्रतिमांतून रीतही ठरते. कबर मनात असली की माणसाला उताणे निजवून पाण्याखाली नेतात. जन्म मनात असला की गोल कुंडातून बाळाला वर उचलतात.

प्रत्यक्ष काय करत असत, याची सर्वांत जुनी सूचना 'डिडाखे' या छोट्या ग्रंथात मिळते. तो पहिल्या शतकाच्या अखेरीचा किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचा मानतात. सातवा अध्याय एखाद्या कामाच्या चिठ्ठीसारखा आहे. वाहत्या पाण्यात द्या. ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात. थंड जमत नसेल तर गरम. दोन्ही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीन वेळा ओता. आधी देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने उपास करावा, घेणाऱ्याने एक-दोन दिवस. म्हणजे ओतणे ही मध्ययुगात शोधलेली सवलत नव्हे, पहिल्या सूचनापत्रातच ती शेवटचा पर्याय म्हणून हजर आहे.

हिप्पोलिटसच्या नावावर असलेल्या 'प्रेषितीय परंपरा' या ग्रंथाच्या लेखकाबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही, पण त्यातला विधी अगदी जवळून दिसतो. तीन वर्षे शिक्षण. मग पहाटे कोंबडा आरवताना पाण्यावर प्रार्थना. सगळ्यांनी कपडे उतरवायचे. आधी मुले, ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वतीने आईवडील उत्तर देतील. मग पुरुष, शेवटी स्त्रिया, केस मोकळे सोडून आणि दागिने काढून, कारण परकी वस्तू घेऊन पाण्यात उतरायचे नाही. मिक्वेचा नियम इथे जिवंत आहे. सैतानाला नकार, अंगाला तेल, मग पाण्यात उभे राहून तीन प्रश्न : पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर विश्वास आहे का? प्रत्येक होकारानंतर एक बुडी. बाहेर आल्यावर पुन्हा तेल, कपडे, बिशपचा हात डोक्यावर, आणि पहिल्या प्रभुभोजनात भाकर-द्राक्षारसाबरोबर दूध आणि मध.

असा विधी चालत असे तशी एक खोली शाबूत राहिली आहे. फरात नदीकाठच्या दुरा-युरोपोस या शहरात एका घराचे तिसऱ्या शतकात चर्च केले होते. वेढ्याच्या तयारीत तटबंदी भक्कम करताना ते घर मातीखाली गाडले गेले, २५६ च्या सुमारास शहर पडले, आणि त्या मातीनेच भिंतीवरची चित्रे वाचवली. कुंड जेमतेम मीटरभर खोल आहे. एवढ्यात मोठ्या माणसाला उभे राहता वा गुडघे टेकता येते, वरून पाणी घालता येते, आडवे निजवणे अवघड. इतर अनेक प्राचीन कुंडांची खोलीही अशीच बेताची असल्याने, तेव्हाचे 'बुडवणे' म्हणजे पाण्यात उभे करून डोके भिजवणे असावे, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते.

बाळांचा प्रश्न तेवढाच जुना आहे. तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने साधारण २०० च्या सुमारास बाप्तिस्म्यावर ग्रंथ लिहिला. पाणी समुद्राचे की तळ्याचे याने काही फरक पडत नाही म्हणणारा हाच लेखक बाळांच्या बाबतीत मात्र थांबा म्हणतो, निष्पाप वयाला पापक्षमेची घाई कशाला? त्याच्या या विरोधावरूनच कळते की बाळांना देण्याची रीत तेव्हा होती. अर्ध्या शतकाने उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमधल्या ६६ बिशपांनी उलट ठरवले : सुंतेसारखी आठव्या दिवसाचीही वाट पाहू नका. चौथ्या शतकात मोठ्यांनीच तो लांबवण्याची टूम निघाली, कारण नंतर केलेली पापे धुणार कोण? सम्राट कॉन्स्टंटाइनने ३३७ साली मरणाच्या तोंडावर बाप्तिस्मा घेतला. मिलानचा अँब्रोस ३७४ साली बिशप म्हणून निवडला गेला तेव्हा त्याचा बाप्तिस्माच झालेला नव्हता, आठवड्याभरात दोन्ही उरकावे लागले. त्यानेच ३८७ च्या पुनरुत्थान सणाच्या रात्री ऑगस्टीनला बाप्तिस्मा दिला. पुढे ऑगस्टीनने मूळ पापाची (माणूस जन्मतःच पापाचा वारसा घेऊन येतो, या कल्पनेची) मांडणी केली, आणि पाश्चात्त्य चर्चमध्ये बाळांचा बाप्तिस्मा तातडीचा झाला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेने बाळाला तीनदा बुडवणे, तेल लावणे आणि प्रभुभोजन देणे हे सगळे आजही एकत्र ठेवले आहे.

आता हाताकडे वळू. २५६ साली कार्थेजचा बिशप सिप्रियन याने ८७ बिशपांच्या सभेत ठरवून घेतले की पाखंडी माणसाने दिलेला बाप्तिस्मा फोल, तो पुन्हा द्यायचा. रोमचा बिशप स्तेफन म्हणाला, पुन्हा द्यायचा नाही. ३१४ च्या आर्ल इथल्या बिशपांच्या सभेने निकष लावला : पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याच्या नावाने झाला असेल तर मान्य. डागाळलेल्या धर्मगुरूचा संस्कार फोल मानणाऱ्या डोनाटस पंथीयांशी झगडताना ऑगस्टीनने त्याला तत्त्व दिले : पेत्राने दिला तरी देणारा ख्रिस्त, येशूला धरून देणाऱ्या यहूदाने दिला तरी देणारा ख्रिस्तच. हात मळका असला तरी पाणी मळत नाही. १४३९ साली फ्लोरेन्सच्या धर्मसभेने स्पष्ट लिहिले की तातडीच्या वेळी स्त्री, पुरुष, अगदी ख्रिस्ती नसलेला माणूसही बाप्तिस्मा देऊ शकतो, चर्चला जे अभिप्रेत आहे तेच करण्याचा हेतू हवा.

पण हात दुसऱ्याचाच हवा. १२०६ साली पोप इनोसंट तिसरा याच्यापुढे एका यहूद्याचे प्रकरण आले. जवळ कोणी ख्रिस्ती नसताना त्याने 'मी स्वतःला बाप्तिस्मा देतो' म्हणत बुडी मारली होती. उत्तर आले : चालणार नाही, देणारा आणि घेणारा वेगळे हवेत. १२४१ साली नॉर्वेतून विचारणा झाली की पाण्याअभावी बिअरने बाळांना बाप्तिस्मा दिला आहे, तो धरायचा का? पोप ग्रेगरी नववा याने नाही म्हटले.

सोळाव्या शतकात झुरिकमध्ये हाच प्रश्न जिवावर बेतला. २१ जानेवारी १५२५ रोजी कॉन्राड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला बाप्तिस्मा दिला. दोघांचाही बाळपणी झालेलाच होता, पण विश्वासाशिवाय झालेला तो बाप्तिस्माच नव्हे असे त्यांचे म्हणणे. तेव्हा पाणी डोक्यावर ओतले होते, बुडवण्याचा आग्रह नव्हता. नगरसभेने पुनर्बाप्तिस्म्याला मृत्युदंड ठरवला आणि ५ जानेवारी १५२७ रोजी फेलिक्स मान्झला लिमात नदीत बुडवून मारले. शिक्षेसाठी पाणीच निवडले यातला कुचेष्टेचा सूर लपत नाही. जर्मन धर्मसुधारक लूथरने बाळांचा बाप्तिस्मा राखला, कारण विश्वास डळमळतो, देवाचे वचन डळमळत नाही. १६०९ च्या सुमारास ॲमस्टरडॅममध्ये जॉन स्मिथ या इंग्रज पाळकाला योग्य हातच दिसेना, तेव्हा त्याने स्वतःलाच बाप्तिस्मा दिला आणि पुढे त्याबद्दल पस्तावला. इंग्लंडमधल्या बाप्टिस्टांनी १६४४ च्या कबुलीपत्रात पूर्ण बुडवणे हीच रीत म्हणून लिहिली. क्वेकर या ख्रिस्ती पंथाने पाणीच सोडले.

आज बुडवणाऱ्या मंडळ्यांत पाणी कमरेइतके ठेवतात. पाळक बाजूला उभा राहतो, एक हात पाठीमागे, दुसरा घेणाऱ्याच्या जुळलेल्या हातांवर, त्याच हातांनी नाकावर रुमाल. घेणाऱ्याने गुडघे वाकवले तर उंच माणूसही सहज खाली जातो, ताठ राहिला तर दोघांचाही तोल जातो. झग्याच्या काठात वजन शिवतात, नाहीतर तो पाण्यावर फुगतो. ओतणाऱ्यांकडे चूक वेगळी होते : पाणी केसांवरच राहते, कातडीवरून वाहत नाही, किंवा एक जण ओततो आणि शब्द दुसराच म्हणतो. अशी शंका राहिली की कॅथलिक चर्च 'तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर' अशी अट घालून विधी करते, कारण एकदा झालेला पुन्हा देता येत नाही.

शब्दांची चूक सर्वांत महाग पडते. काही ठिकाणी कुटुंबाचा सहभाग दाखवायला 'मी तुला बाप्तिस्मा देतो' ऐवजी 'आम्ही देतो' म्हणू लागले होते. २०२० साली व्हॅटिकनने हे अवैध ठरवले : तिथे ख्रिस्त बोलतो, जमाव नव्हे. त्यानंतर अमेरिकेतल्या एका धर्मगुरूने स्वतःच्या बाळपणीच्या बाप्तिस्म्याची चित्रफीत काढून पाहिली, तर तिच्यात 'आम्ही'. म्हणजे बाप्तिस्मा नाही, म्हणून दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा पुढचा संस्कार) नाही, म्हणून धर्मगुरुपदही नाही. काही दिवसांत त्याला सगळे नव्याने द्यावे लागले. त्याने ऐकलेले पापनिवेदन, साजरा केलेला मिस्सा हे सारे अवैध ठरले, लावलेली लग्ने तपासावी लागली. त्याने दिलेले बाप्तिस्मे मात्र एकही रद्द झाले नाहीत.