ट्रॅक चेंजेस आणि व्हर्जन: गल्लत कुठे होते?

गावचा इतिहास, शाळेची स्मरणिका, मुक्तिसंग्रामावरची पुस्तिका असं काही चार-पाच जणांनी मिळून लिहायचं ठरलं की मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी एकच रीत दिसते. एक जण वर्डमध्ये फाइल करतो आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकतो. दुसरा तीत बदल करून परत टाकतो. पंधरवड्यात ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल सरांची’ अशा फायलींची रांग लागते. मग कोणी सांगतं, ट्रॅक चेंजेस, म्हणजे प्रत्येक बदलाची खूण ठेवणारी सोय, चालू करा. कोणी म्हणतं, व्हर्जन हिस्टरी, म्हणजे फाइलच्या जुन्या प्रतींची यादी, बघा. सल्ले दोन्ही चांगले, पण दुखणी वेगळी. एकाच्या जागी दुसरं वापरलं की लोकांची मेहनत वाया जाते, म्हणून हा फरक नीट समजून घ्यायला हवा.

जमिनीच्या कागदांवरून हे लवकर लक्षात येईल. ट्रॅक चेंजेस म्हणजे फेरफार. तलाठ्याने नोंद धरलेली आहे, हरकतीला वाव आहे, मंजुरी व्हायची आहे. व्हर्जन म्हणजे त्या त्या वेळी काढून ठेवलेली सातबाऱ्याची नक्कल. त्या दिवशी संपूर्ण उतारा कसा होता ते ती दाखवते, मग पुढे कितीही फेरफार होवोत.

समजा मसुद्यात वाक्य आहे: ‘१७ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस ॲक्शन सुरू झाली.’ हे चूक आहे. भारतीय फौजा १३ सप्टेंबरला हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. इतिहासाच्या मॅडमनी ट्रॅक चेंजेस चालू ठेवून दुरुस्ती केली, तर ‘१७’वर रेघ दिसते, शेजारी रंगीत ‘१३’ येतं आणि हा बदल कोणाचा, केव्हाचा तेही कळतं. संपादक तो ॲक्सेप्ट करतो किंवा रिजेक्ट करतो. गुगल डॉक्समध्ये हेच काम ‘सजेस्टिंग’ करतं. वर्डसारखंच काम करणाऱ्या मोफत लिब्रेऑफिस रायटरमध्ये एडिट मेन्यूतल्या ट्रॅक चेंजेसखाली ‘रेकॉर्ड’ आहे. तिथे प्रत्येकाने आपलं नाव आधी टूल्स, ऑप्शन्स, यूजर डेटा इथे भरून ठेवावं. नाहीतर बदल दिसतो, माणूस कळत नाही.

पण बदल ॲक्सेप्ट करून फाइल सेव्ह केली, बंद केली, की ट्रॅक चेंजेसचं काम संपलं. जुना मजकूर त्या फाइलमधून गेला. केलेलं मागे घेणारं ‘अंडू’ही फाइल उघडी असेपर्यंतच साथ देतं. पानं वाढली म्हणून गावच्या बारवेवरचा अख्खा परिच्छेद सर्वांच्या संमतीने वगळला आणि महिन्याने छापखान्यातून निरोप आला, ‘एक पान कोरं राहतंय’, तर तो परिच्छेद ट्रॅक चेंजेसमध्ये सापडणार नाही. तिथे व्हर्जनच लागतं.

गुगल डॉक्स व्हर्जन आपोआप ठेवतं, पण जागा वाचवण्यासाठी जुनी व्हर्जन कधीकधी एकत्र केली जातात. म्हणून मोठी काटछाट करण्याआधी फाइल मेन्यूतल्या व्हर्जन हिस्टरीत जाऊन चालू व्हर्जनला नाव द्यावं: ‘बारवेच्या परिच्छेदासह’. असं नाव महिन्याने सापडतं. ‘नवीन’ असं दिलं तर काहीच कळत नाही. आणि परिच्छेद परत आणताना ‘रिस्टोअर’ दाबू नका. रिस्टोअरने पूर्ण दस्तऐवज मागे जातो, म्हणजे मधल्या महिन्यात बाकीच्यांनी लिहिलेलंही समोरून जातं. ते हिस्टरीत शिल्लक असतं खरं, पण सकाळी फाइल उघडणाऱ्याची धांदल उडते. जुनं व्हर्जन उघडायचं, तेवढा परिच्छेद कॉपी करायचा, आजच्या मसुद्यात चिकटवायचा.

जिथे नेटचा आणि लाईटचा भरवसा नाही तिथे मला रायटरच जास्त कामाचं वाटतं, आणि त्यातली ही सोय फार थोड्यांना माहीत आहे. फाइल मेन्यूत ‘व्हर्जन्स’ आहे. ‘सेव्ह न्यू व्हर्जन’ दाबलं की दोन शब्दांची टीप लिहिता येते, आणि तारीख, वेळ, नाव यांसह ते व्हर्जन त्याच फाइलच्या पोटात साठतं. वेगळा सर्व्हर नको, खातं नको. ‘कंपेअर’ दाबून जुन्याशी ताडूनही पाहता येतं. अट एकच, फाइल रायटरच्या स्वतःच्या ओडीटी (.odt) स्वरूपात हवी. वर्डच्या .docx स्वरूपात ही सोय मिळत नाही, आणि ‘सेव्ह ॲज’ करून नवी प्रत काढली तर त्या प्रतीत जुनी व्हर्जन जात नाहीत. म्हणून मूळ ओडीटी एकाच जबाबदार माणसाकडे असावी. वर्डमध्ये व्हर्जन हिस्टरी हवी तर फाइल वनड्राइव्हसारख्या नेटवरच्या साठवणीच्या ठिकाणी ठेवावी लागते.

छापखान्याला फाइल देताना दोन्हींचा फरक पुन्हा आडवा येतो. वर्डमध्ये ‘नो मार्कअप’ निवडलं की लाल रेघा नाहीशा झाल्यासारख्या वाटतात, पण त्या फक्त झाकलेल्या असतात. डीटीपीवाल्याच्या मशीनवर त्या पुन्हा उमटू शकतात आणि खोडलेलं ‘१७’ छापून येऊ शकतं. गुगल डॉक वर्डच्या फाइलमध्ये उतरवला तरी न निकाली निघालेल्या सूचना ट्रॅक चेंजेस होऊन सोबत जातात. व्हर्जन हिस्टरी मात्र जात नाही. म्हणून आधी प्रत्येक बदल ॲक्सेप्ट किंवा रिजेक्ट करा, मग त्या स्वच्छ मसुद्याला ‘छपाईला दिलेली प्रत’ असं नाव देऊन व्हर्जन ठेवा, आणि छापखान्याला त्याचीच ‘सेव्ह ॲज’ केलेली प्रत पाठवा. सोबत पीडीएफ द्या, म्हणजे जुळवणी करणाऱ्याला तपासायला आधार राहतो.